निळ्यात थोडं तपकिरी

ऊन चढायच्या आत आटपू, असं शब्बीर पेंटरचं म्हणणं.
"मार्चच्या उनात रंग पसरत नाई मॅडम, जागीच मरते."
म्हणून पहाटे पाचला, बॅटरीच्या उजेडात,
मी मॅटाडोरच्या डाव्या कुशीवरून हात फिरवते आहे.
चाकावरच्या कमानीत गंजाचे फोड,
बोट दाबलं की पापडासारखे मोडतात.

पलीकडे जिनिंग रात्रभर चालू होतं.

ही एके काळची डोळ्यांच्या शिबिराची गाडी.
लिलावात घेतली तेव्हा दारावर एक डोळा रंगवलेला होता,
एकच, पापण्यांसकट.
निळ्याचे दोन हात दिले त्यावर,
तरी तिरप्या उन्हात तो खालून बघतोच.
ह्यांनी आत झोपायला दोन फळ्या ठोकल्या,
शेगडी बसवली, पाण्याचा कॅन,
आणि सागाच्या तुकड्यांचं एक कपाट
ज्याचं दार प्रत्येक डाव्या वळणाला उघडतं.
हळद तीनदा सांडली आहे.

लांबी भरण्याआधी शब्बीर खडूनं खुणा करतो
आणि मी उगाच सांगत बसते:
हा ओरखडा बोरीचा, सिरोंच्याकडे वाट चुकलो तेव्हाचा.
ही खोक रोह्याची. तो उठून चालता झाला, आम्हीच थरथरत होतो.
हा हातपंप.
म्हणजे हा माझा. रिव्हर्स शिकताना,
ग्रामसेविकेच्या नोकरीतून सुटून नऊ दिवस झाले होते
आणि पंप आमच्याच ग्रामपंचायतीचा.
"हे नका सांगू कोनाले," शब्बीर म्हणतो, आणि खडूनं
त्याच्याभोवती सगळ्यात मोठा गोल काढतो.

हे म्हणतात, ठिगळं कशाला, अख्खी पांढरी करू.
पांढरी नको.
निळी असूनही लोक अजून हात दाखवतात.
झरीच्या अलीकडे एक म्हातारी रस्त्यात उभीच राहिली,
पदर वर करून म्हणाली, टाक माय थेंब.
थेंब कुठले. चहा दिला.
मग तिला पुढे बसवून पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेलं,
वाटेभर ती खिडकीबाहेर बघून विचारत होती,
"पराटी उभीच हाय का अजून?"

दुकानातून नंबर सांगून आणलेला डबा उघडला.
शब्बीरनं नाक मुरडलं. "हा तं लग्नातला निळा."
डॅशबोर्डच्या कप्प्यात, जिथं ऊन कधी शिरलंच नाही,
तिथला रंग नेमका असाच आहे, परवा लावल्यासारखा.
बाहेरच्यानं मात्र इतके उन्हाळे काढले.
मग झाकणात थोडा निळा, त्यात पांढरा,
आणि आगकाडीच्या टोकावर तपकिरी,
अगदी अंजनाइतका.
नखावर घेऊन तो गाडीशी धरतो, पुसतो,
पुन्हा काडी बुडवतो.
"नव्याले म्हातारं करा लागते, मॅडम.
नाई तं ठिगय आधी दिसते, गाडी मांगून."
मी नकळत माझ्या भांगाला हात लावला.
मेंदी सोडून दोन वर्षं झाली.

साडेसातला शेवटचा हात, दाराच्या कडेचा.
रंग ओला, वारा पडलेला,
आणि जिनिंगकडून तरंगत आला रुईचा एक तंतू,
बसला नेमका तिथं, जिथं खाली तो डोळा आहे.
शब्बीर चिमटीनं काढायला वाकला.
म्हटलं, राहू दे.
"वाळल्यावर घासू मग?"
घासूही नको.

आतून ह्यांची हाक: हळदीचा डबा कुठं ठेवला?
उजवीकडे, म्हटलं. ह्या खेपेला
उजवीकडे ठेवून बघू.